तो दगड तेथेच असू द्या

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी सहस्रकुंड पाहिले असेल. उमरखेड तालुक्याच्या सीमेवर पैनगंगा तेथे काळ्या खडकांवरून गर्जना करीत उडी घेते. त्यामानाने यवतमाळ तालुक्यातील येळाबाऱ्याचा धबधबा लहानच. पावसाळा हेच त्याच्या वैभवाचे दिवस. तरीही मला तो अधिक प्रिय आहे, कारण त्याच परिसरात जुन्या हेमाडपंती मंदिराचे अवशेष आहेत.

धबधब्याचा खडक आणि आपल्याकडील अशा मंदिरांचा दगड एकाच जातीचा. आपण त्याला काळा पाषाण म्हणतो. शास्त्रज्ञ त्यास बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त रस भेगांतून वर आला, थरावर थर पसरला आणि थिजला. आपल्याच जिल्ह्यात शिबला-पारडी येथे २०२१ साली रस्त्याचे काम चालू असता त्याच रसाचे षटकोनी खांब उघडे पडले. एखाद्या पडक्या वाड्याचेच ते खांब, असे कोणासही वाटावे! परंतु ते घडवले निसर्गाने.

हे सर्व थर सारखे कठीण नसतात. पाणी खालचा मऊ थर झिजवते, वरचा कठीण थर पुढे आलेला राहतो, आणि आधार गेला म्हणजे तोही एक दिवस कोसळतो. मंदिराचेही असेच आहे. देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री हेमाद्री याचे नाव या बांधणीस मिळाले, जरी तशी कित्येक मंदिरे त्याच्याही आधीची आहेत. या बांधणीत चुना नसतो. घडीव दगड एकमेकांत बसवलेले असतात व एकमेकांच्या भारानेच ते उभे राहतात. म्हणून त्यांतील एक दगड काढला, तर केवळ एक दगड कमी होत नाही. शेजारचे चार सैल होतात. खडक झिजवण्यास पाण्याला हजारो वर्षे लागतात. माणसाला एक बंडी आणि एक दुपार पुरते.

कोणी म्हणेल, पडून राहिलेला दगड गोठ्याच्या पायात घातला, तर बिघडले काय? गरजेपोटी ज्याने तो नेला, त्याला मी दोष देणार नाही. मात्र खाली पडलेला दगडही निरुपयोगी नसतो. तो कोठे पडला यावरूनच जाणकारास मूळची रचना उमगते. जागा सुटली की त्याची ओळखही सुटते.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण हा अपराध आमच्याच घरी घडला आहे. आमच्या विहिरीजवळ धुणे धुण्याचा एक मोठा दगड होता. मी बारा वर्षांचा असताना तो उलटला, तेव्हा खालच्या बाजूस कोरलेले कमळ दिसले. आजोबांनी तो गावाबाहेरच्या पडक्या देवळातून आणला होता. पुढे निवृत्त झाल्यावर मी चौघांच्या मदतीने तो तेथे परत नेला. देवळाभोवती आम्ही पुष्कळ वेळ फिरलो; पण तो मूळचा कोठला, हे काही केल्या कळेना. शेवटी एका पळसाखाली आम्ही तो ठेवला, कमळ वर करून.