आकडेमोड कोणाच्या हाती?

जुन्या कॅल्क्युलेटरची आणि डिजिटल घड्याळांची आठवण काढून हळहळणे, ही सध्या साठी ओलांडलेल्यांची एक आवडती करमणूक झाली आहे. बटण दाबताच उजळणारे तांबडे आकडे, तास भरताच वर्गात एकामागून एक पिकपिकणारी मनगटे, लग्नात जावयाला मिळालेले आणि त्याने बाही दुमडून गावभर दाखविलेले घड्याळ... माढ्याच्या चहाच्या टपरीवरही हा विषय निघाला की रंगतो. प्रस्तुत लेखकही त्यातून सुटलेला नाही. परंतु या वस्तूंनी आपल्या भागात नेमके काय केले, हे न पाहता नुसते गहिवरणे आम्हाला पुरेसे वाटत नाही.

महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या सोलापूर जिल्ह्याला त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. मजुरी केवळ हजेरीवर नव्हे, कामाच्या मापावर मिळे. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली. माती मऊ की मुरूम कठीण, त्याप्रमाणे दर. मग टोळीत माणशी वाटणी. हा हिशेब मुकादम आणि कारकून करीत. मजूर अंगठा उठवीत. १९८१ साली एम. ए. ला असताना, शिकवण्यांच्या पैशांतून घेतलेला कॅल्क्युलेटर खिशात घालून आम्ही दोघे-तिघे सुटीत तालुक्यातील एका पाझर तलावाच्या कामावर गेलो. एका टोळीची मापे पुन्हा गुणून पाहिली. कठीण मुरमाच्या खड्ड्याला मऊ मातीचा दर लागलेला होता. माणशी फरक फार नव्हता. परंतु टोळीतील एका बाईने ते यंत्र हातात घेतले, आकडे इंग्रजी म्हणून शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घेतले आणि कारकुनासमोर धरून ती म्हणाली, "आता तुमी करून दावा." त्या पंधरवड्याचे पत्रक दुरुस्त झाले. पुढे इतर कित्येक कामांवर झाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला होता : थोड्या भांडवलात येणारे, राबणाऱ्याच्या ताब्यात राहणारे यंत्र. त्या वर्णनाला कॅल्क्युलेटरइतकी चपखल बसणारी दुसरी वस्तू आमच्या पाहण्यात नाही. गंमत अशी की, ती जन्मली मात्र बड्या भांडवलाच्या पोटी. बिझिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी अमेरिकेतील इंटेलने १९७१ साली ४००४ ही चिप तयार केली. सुट्या भागांचा पसारा चिपेत सामावू लागला आणि किंमती कोसळल्या. १९७२ साली 'पल्सर' हे डिजिटल घड्याळ सोन्याच्या कवचात २,१०० डॉलरना विकले गेले. ते दशक सरेपर्यंत साधी डिजिटल घड्याळे दहा डॉलरवर उतरली होती.

आपल्याकडे ही स्वस्ताई उशिरा पोचली, आणि त्या उशिरात आमचाही वाटा आहे. अशा वस्तू चैनीच्या ठरवून आयातीपुढे परवान्यांची आणि जकातीची भिंत उभी केली गेली. तिला टाळ्या देणाऱ्यांत आम्हीही होतो. मुंबईच्या मुसाफिरखान्यात चोरटा माल यायचा तो आलाच. मिळकत सरकारी तिजोरीऐवजी तस्करांकडे गेली, आणि खेड्यातील विद्यार्थ्याने दाम दुप्पट मोजला.

त्या यंत्राचा एक गुण तेव्हा आमच्या ध्यानातच आला नव्हता. आपण काय गुणले, हे ते दुसऱ्या कोणालाही कळवीत नसे. केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवरील हजेरी सक्तीची झाली. वेळेची आणि ठिकाणाची नोंद असलेले मजुरांचे छायाचित्र दिवसातून दोनदा चढवावयाचे. रेंज नसल्याने ते चढले नाही आणि केलेल्या कामाची हजेरी बुडाली, अशा तक्रारी देशभरातून आल्या. उलट जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावे लागले की, छायाचित्राचेच छायाचित्र काढून आणि भलतीच चित्रे चढवून हजेऱ्या भरल्या जात आहेत. म्हणजे चोर निसटला आणि मजूर अडकला! यंत्र पूर्वीपेक्षा हजारपटीने हुशार झाले. परंतु पाझर तलावावरील त्या बाईने ते हाती घेऊन "करून दावा" म्हणावे, अशी सोय त्यात नाही. तिचा चेहरा आत जातो, हिशेब तिच्यापर्यंत बाहेर येत नाही.

हमीची कामे कोणत्याही कायद्याखाली निघोत. त्या त्या दिवसाची मापे, लावलेला दर आणि माणशी मजुरी त्याच दिवशी कामाच्या जागी फळ्यावर लिहिली गेली पाहिजे. ही मागणी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी लवकरच तहसील कचेरीत न्यावी. जाताना खिशात कॅल्क्युलेटर असावा. माढ्याच्या बाजारात तो अजून शे-दोनशे रुपयांत मिळतो.