बेसवाल्यानं सोल्डरिंग आयर्न हाती घ्यावं

१९७२ साली लंडनमध्ये, रस्त्याकडेच्या राडारोड्याच्या पेटीत जॉन डीकन या तरुणाला तारा लोंबत असलेला एक सर्किट बोर्ड दिसला. डीकन तेव्हा ‘क्वीन’ या बँडमध्ये बेस गिटार वाजवत होता आणि आदल्याच वर्षी चेल्सी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी पहिल्या वर्गात घेऊन बाहेर पडला होता. त्यानं तो बोर्ड घरी नेला, स्पीकरच्या एका लहानशा जुन्या खोक्यात बसवला, ९ व्होल्टची बॅटरी जोडली आणि सरावापुरता अ‍ॅम्प्लिफायर तयार केला. त्याला ना आवाज कमी-जास्त करायचं बटण, ना ट्रेबल-बेसचं. पुढे बँडचा गिटारवादक ब्रायन मे यानं आपली गिटार त्यात जोडून पाहिली आणि तो खोका स्टुडिओत कायमचा मुक्कामाला आला. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात अख्खा जाझ बँड वाजतोय असं वाटतं. ती सगळी मेची गिटार आहे, याच खोक्यातून बाहेर पडलेली. बोर्ड मुळात सुपरसॉनिक पीआर ८० नावाच्या पोर्टेबल रेडिओतला होता, हे कितीतरी वर्षांनी शोधून काढावं लागलं. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे आपल्याकडे कौतुकानं सांगितलं जातं. त्याच्यामागे मुकाट्यानं उभ्या असणाऱ्या बेसवाल्याची ही करामत मात्र फारशी कुणी सांगत नाही.

बेसवाल्यांचं असंच होतं. गाण्याचा डोलारा ते पेलतात, पण नाव गिटारवाल्याचं होतं. बाजाराचंही तेच. पायानं दाबायची, आवाजाला खरखर, घुमारा किंवा धार देणारी जी इफेक्ट पेडल्स दुकानात मांडलेली असतात, त्यांतली बहुतेक गिटारचा विचार करून आखलेली असतात. बेसवाल्यानं त्यांतलंच एखादं घ्यायचं आणि आवाजाचा तळ गेला म्हणून कुरकुरत बसायचं. यावर उपाय आहे, आणि तो दुकानात मिळत नाही. आपला प्रीअ‍ॅम्प, म्हणजे मुख्य यंत्राच्या आधी सिग्नल सावरणारा टप्पा, आणि जमलं तर एखादं पेडलही, बेसवाल्यानं स्वतः बनवावं. त्याहून पुढचं म्हणणं असं, की हे काम त्याच्या एकट्याच्या छंदावर न सोडता आपल्या पॉलिटेक्निक आणि इंजिनीअरिंग कॉलेजांनी प्रयोगशाळेत घ्यावं.

इतिहास या म्हणण्याच्या बाजूनं आहे. १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणणारा लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसनचा बेस सरळ टेपवर उतरायचा, तो तिथल्याच इंजिनीअरांनी बनवलेल्या जोडणीतून. आणि आज ज्याला फझ म्हणतात तो फाटका, भुंग्यासारखा आवाज लोकांच्या कानी पहिल्यांदा ठसला तो नॅशव्हिलमधल्या एका बिघाडामुळे. मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या १९६१ च्या गाण्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बेसवर वाजवत असताना मिक्सिंग कन्सोलची एक वाहिनी बिघडली आणि बेस गुरगुरायला लागला. तो आवाज तसाच ठेवला गेला, गाणं गाजलं. रेकॉर्डिंग इंजिनीअर ग्लेन स्नॉडीनं मग तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवून आणला. गिब्सन कंपनीनं तो १९६२ मध्ये मायस्ट्रो फझ-टोन या नावानं विकायला काढला आणि त्याच वर्षी आत फझ बसवलेला ईबी-झीरो-एफ हा बेसही आणला. रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मुळे फझ गिटारवाल्यांचा झाला तो १९६५ मध्ये. म्हणजे मूळ धनी कोण, हे बेसवाल्यांनी जरा ठणकावून सांगायला हरकत नाही.

आता बेसचं नेमकं अडतं कुठे ते पाहू. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला ४१ कंपनं होतात. गिटारची जाड तार ८२ वर असते. इबानेझचं ट्यूब स्क्रीमर हे हिरवं पेडल १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि जगभर पोहोचलं. त्यात आयसीच्या एका पायाशी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी बसवलेली असते. या दोन किमती सूत्रात घातल्या की सीमा येते ७२० हर्ट्झची. त्याच्या खालच्या सुरांना पेडल कमी कमी वाढवतं. गिटारसाठी ही युक्ती नामी, कारण खालचा गदळ आवाज आपोआप मागे राहतो. बेसचा मात्र सगळा प्राणच ७२० च्या खाली. तोच कपॅसिटर काढून ०.४७ चा लावला की सीमा ७२ हर्ट्झवर उतरते आणि त्याच डबीतून जाडजूड, भरीव खरखर बाहेर पडते. दोन-चार रुपयांचा भाग, दोन सोल्डरचे डाग. ही एवढी दुरुस्ती ज्याला करता येते, तो ‘खास बेससाठी’ असं लिहिलेल्या महागड्या डबीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे मूळ आवाज आणि खरखरलेला आवाज वेगवेगळ्या वाटांनी नेऊन शेवटी हव्या त्या प्रमाणात मिसळणं. तळ शाबूत राहतो, वर धार येते. बेससाठी बनवलेल्या आजच्या बहुतेक चांगल्या पेडल्सवर त्यासाठी ‘ब्लेंड’चं बटण असतं. 

प्रीअ‍ॅम्पचं काम त्यामानानं साधं आणि म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी उत्तम. बेसच्या पिकअपमधून येणारा सिग्नल नाजूक असतो. तो लांब केबलमधून थेट कमी रोधाच्या इनपुटात ढकलला की वरचे सूर वाटेतच मरतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. उपाय असा, की बेसच्या अगदी जवळ १ मेगओहम रोधाचं इनपुट असलेला एक टप्पा ठेवायचा. एक जेफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार), तीन-चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्यात तो होतो. पिएझो पिकअप लावलेला उभा डबल बेस असेल तर १ ऐवजी १० मेगओहम धरायचे. लिओ फेंडर आणि टॉम वॉकर यांनी म्युझिक मॅनच्या स्टिंगरे बेसमध्ये १९७६ साली बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प आतच बसवून दिला. त्याचं दोन बटणांचं सर्किट आजही जगभरचे हौशी लोक व्हेरोबोर्डवर उभं करतात.

सर्किट परदेशी असलं तरी वीज मात्र आपली असते, आणि इथे खरी गंमत आहे. आपल्याकडचा विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पट्टीचा सूर ४९ हर्ट्झचा. पुरवठा अ‍ॅडॉप्टरमधून डीसी होऊन आला आणि नीट गाळला गेला नाही तर त्यात १०० हर्ट्झची लहर उरते. बेसची सगळ्यात बारीक मोकळी तार ९८ वर वाजते. थोडक्यात, आपल्या घरातली हम, म्हणजे विजेची गुणगुण, बेसच्या दोन सुरांच्या मांडीला मांडी लावून बसते. गिटारवाला १५० हर्ट्झखालचं सगळं कापून मोकळा होऊ शकतो, बेसवाल्याला तसं करता येत नाही. त्याला हम मुळातच रोखावी लागते. पुरवठ्याच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे ग्राउंडकडे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर १०० हर्ट्झची लहर साधारण सहा पटींनी खाली येते. कपॅसिटर ४७० चा केला तर जवळजवळ तीस पटींनी. ग्राउंडच्या सगळ्या तारा एकाच ठिकाणी आणून बांधायच्या. डबी पत्र्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमचीच घ्यायची आणि तीही ग्राउंडला जोडायची. प्लॅस्टिकच्या डबीत घातलेला उत्तम प्रीअ‍ॅम्प ट्यूबलाइटजवळ नेला की लाज काढतो.

सामानाची वानवा नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. टीएल ०७२ ही आयसी तिथे दोन कटिंग चहांच्या पैशांत मिळते. ‘हे असं केल्यानं स्वस्त पडतं’ ही समजूत मात्र काढून टाकायला हवी. सर्किटचे भाग स्वस्त असतात. खिसा रिकामा करतात ती डबी, पायानं दाबायचा नऊ पायांचा स्विच, बरे पॉट्स आणि जॅक. पहिलं पेडल हमखास बिघडतं, दुसऱ्याचं भोक वाकडं पडतं. एवढ्या खर्चात एखादं साधं तयार पेडल सहज येतं. पैसे वाचवायचे असतील तर तेच घ्यावं. मल्टी-इफेक्ट प्रोसेसर घेतला तर एका डबीत शंभर आवाज मिळतात, आणि मंडपात वाजवणाऱ्याला ते सोयीचंही पडतं. घरी बनवण्यातून मिळते ती दुसरी गोष्ट: आपला आवाज कुठे बनतो आणि कुठे बिघडतो याची जाण. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी प्रीअ‍ॅम्प मुका झाला, तर ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा बसलेला जोड, शोधून जागच्या जागी चटका देणारा आणि दुकान बंद आहे म्हणून डोक्याला हात लावणारा, यांच्यात फरक एवढाच असतो.

ही जाण महाराष्ट्राला परकी नाही. गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीकडे बघावं. बुलबुलतरंगाला पिकअप लावून तो हातगाडीवरच्या स्पीकरमधून गल्ली हादरवील असा केला, तो काही कुठल्या विद्यापीठानं नव्हे. वाजवणारे आणि दुरुस्ती करणारे यांनी एकमेकांचं ऐकत ऐकत ते जमवलं.

दुसऱ्याचं सर्किट घरी उतरवणं ही चोरी नव्हे का, असा प्रश्न इथे कुणी विचारेल, आणि तो रास्त आहे. अमेरिकेत बिल फिनेगननं १९९४ साली क्लॉन सेंटॉर नावाचं पेडल काढलं आणि आतलं कुणाला कळू नये म्हणून सर्किटवर काळा इपॉक्सी ओतला. लोकांनी तो खरवडून काढला. आत निघालं काय, तर बाजारात मिळणारेच भाग, त्यांत तीच आपली टीएल ०७२. तरीही मूळ सेंटॉर आज हजारो डॉलरना विकलं जातं. पेटंटचं संरक्षण २० वर्षांचं असतं आणि जुन्या अ‍ॅनालॉग सर्किटांपैकी पुष्कळांच्या बाबतीत तो प्रश्नच उरलेला नाही. घरी शिकण्यासाठी एक बनवणं वेगळं आणि दुसऱ्याचं नाव, रूप वापरून हजारो विकणं वेगळं. फिनेगननं २०२४ मध्ये बेहरिंगर या बड्या कंपनीवर दावा लावला तो नावारूपाच्या नकलेवरून. ही रेघ पाळली की हौशी माणसाला संकोच वाटायचं कारण नाही.

आता कॉलेजांकडे. डिप्लोमा असो की डिग्री, इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना आरसी कपल्ड अ‍ॅम्प्लिफायरचा प्रयोग चुकत नाही. फंक्शन जनरेटर लावायचा, सीआरओवर उंची मोजायची, सेमीलॉग कागदावर आलेख काढायचा, तीन डेसिबलचे दोन बिंदू दाखवायचे. बरीच मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलमधली रीडिंग्ज उतरवतात आणि सही घेऊन सुटतात. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं एलपीबी-वन हे १९६० च्या दशकाच्या अखेरचं गाजलेलं पेडल म्हणजे जवळपास हाच प्रयोग आहे: एक ट्रान्झिस्टर, मोजके रेझिस्टर आणि कपॅसिटर. एकाला जर्नल म्हणतात, दुसऱ्यावर लोकांनी रेकॉर्ड काढल्या. इनपुटला फंक्शन जनरेटरऐवजी बेस गिटार जोडली आणि कपलिंग कपॅसिटर बदलत गेलं, की तीन डेसिबलचा खालचा बिंदू कानाला ऐकू येतो. १०० किलोओहमपुढे ०.०१ मायक्रोफॅरड लावला की सीमा १५९ हर्ट्झवर जाते आणि बेस लगेच पोकळ होतो, ०.१ लावला की सीमा १६ हर्ट्झवर उतरते आणि तो भरतो. हे एकदा ऐकलेल्या मुलाला सूत्र पाठ करावं लागत नाही. गॅदरिंगला वाजवणारं एखादं पोरगं प्रत्येक कॉलेजात असतंच. बेस गिटार त्याच्याकडून मागून आणता येईल.

धोक्याचं म्हणाल तर ९ व्होल्टच्या बॅटरीनं कुणी मरत नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला मात्र नवख्यानं हात लावू नये. आत ३००-४०० व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. त्या वाटेला जायचं ते जाणत्या माणसाला शेजारी बसवून.

आणि तोंडी परीक्षेची एक पद्धत सुचवता येईल. पेडल दुरुस्त करणारे लोक एक साधं हत्यार वापरतात: अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली केबल, तिच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बेस वाजता ठेवायचा आणि ते टोक इनपुटपासून पुढे एकेका जोडाला टेकवत जायचं. ज्या जोडापर्यंत आवाज येतो आणि ज्या जोडाशी तो गप्प होतो, त्यांच्या मधेच बिघाड. बाहेरून आलेल्या परीक्षकानं विद्यार्थ्याच्या प्रीअ‍ॅम्पमधला एखादा डाग गुपचूप उखडून ठेवावा, हे टोक त्याच्या हातात द्यावं आणि दहा मिनिटं वेळ लावावी. मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये याचं उत्तर सापडणार नाही.