पदवी आणि पाना

दहावीचा निकाल लागला की परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावात घरोघरी एकच खल सुरू होतो : मुलाला कुठे घालायचे? गुण उत्तम असतील तर विज्ञान, बेताचे असतील तर कला, आणि काहीच जमले नाही तर आयटीआय! यंत्राची उपजत ओढ असलेला मुलगाही या उतरंडीत तळाशी जातो. ही उतरंड गुणवत्तेची नव्हे, समजुतीची आहे.

वाहनदुरुस्ती शिकणाऱ्यास पदवीचे दार बंद असते, हाही गैरसमजच. दहावीनंतर आयटीआयमधील मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास पदविकेच्या, आणि पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये बी.व्होक. ही कौशल्याधारित पदवी सुरू केली. ट्रॅक्टर व शेती-अवजारांत रुची असणाऱ्यासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे.

मात्र पदवी हाती आली म्हणजे हात तयार झाला, असे नव्हे. अभियांत्रिकीचा भर यंत्राच्या रचनेवर व गणितावर असतो. दोष हुडकण्याची नजर येते ती कार्यशाळेत. म्हणूनच १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याचे मोल मोठे. दुसरीकडे, केवळ गॅरेजातील उमेदवारीही आता पुरत नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली. इंजिनाला किती इंधन द्यायचे हे संवेदक व संगणक ठरवतात. विजेवरील वाहनांत तर इंजिनच नाही. नुसत्या आवाजावरून निदान करणाऱ्या मिस्त्रीला आता विद्येची जोड हवीच. ज्याला दुरुस्तीतच रस आहे, त्याने म्हणून आधी पाना हाती घ्यावा, मग पदवीकडे वळावे.

अडसर आहे तो मनात. हाताने काम करणारा खालचा आणि लेखणी चालवणारा वरचा, ही जातिभेदाने पोसलेली खोड आहे. समरसतेच्या गोष्टी व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी आपल्या मुलाचे तेलाने माखलेले हात अभिमानाने मिरवले, तरच ती मोडेल.

भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. त्याच १७ सप्टेंबरला, १९४८ मध्ये मराठवाडा निजामी जोखडातून मुक्त झाला. भूमी मुक्त झाली. श्रमाला हीन लेखणाऱ्या मनाची मुक्ती अजून बाकी आहे. तिचा प्रारंभ झरीच्या एखाद्या घरातूनही होऊ शकतो.