सासर-माहेरचे वाईन बार



कचोरीच्या गुणपत्रिकेनंतर एका भाचीने विचारलं, "मावशी, आता वाईन बारला गुण दे ना." माझं माहेर देवास, सासर धार. मध्ये इंदूर धरून शंभरेक किलोमीटर. म्हटलं, चला, दोन्ही घरं होतील. गाडी आमच्या ह्यांच्याकडे, म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त लिंबू-सोडा. आणि आपल्या राज्यात २१ वर्षं पूर्ण नसलेल्यांनी हा लेख नुसता वाचायचा आहे!

पहिला शोध हा की नुसता वाईनचा असा बार मला दोन्ही गावांत सापडला नाही. लोक 'वाईन शॉप' म्हणतात, पण आत व्हिस्की, रम, बिअर. वाईन मागितली की दुकानदार आधी बाटलीवरची धूळ पुसतो. शेवटी हॉटेलांचेच बार घेतले, देवासला दोन आणि धारला एक. दहापैकी गुण असे: बाटलीला ३, थंडाव्याला २ आणि बसायच्या सोयीला ५.

देवास, पहिला: रेड वाईनचा घोट घेतला आणि लोणच्याचा व्हिनेगर आठवला. विचारलं तर वेटर म्हणाला, "मैडम, पिछले हफ्ते ही तो खोली है." उघडलेली रेड वाईन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन ते पाच दिवस टिकते. ही काउंटरवर उभी होती. शिवाय कोमट. रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात ते युरोपातल्या गार खोलीचं, म्हणजे १६ ते १८ अंश. माळव्यातल्या मे महिन्याचं नव्हे! बाटली ०, थंडावा ०, सोय २. एकूण २.

देवास, दुसरा: नाशिकची छोटी बाटली, आमच्यासमोर उघडलेली. व्हाइट वाईन छान गार. पण बसवलं 'फॅमिली केबिन'मध्ये, पडदा ओढून. आम्ही काय चोरी करायला आलो होतो? ३, २ आणि १. एकूण ६.

धार: ग्लास व्हिस्कीचाच, पण बाटली ताजी. गच्चीवर टेबलं, शेजारी एक कुटुंब दाल-बाफले खात होतं, कुणी वळून पाहिलं नाही. २, १ आणि ४. एकूण ७. (धार जिल्ह्याची अस्सल 'लोकल' म्हणाल तर ती ताडी. सकाळी झाडावरून उतरवली की गोड, दुपारपर्यंत आंबट. तिला बारच्या मोजपट्टीने गुण कसे द्यायचे?)

धारचा एक गुण कापला, तो माझ्यामुळेच. कोपऱ्यातल्या टेबलावर आपल्या मंडळातले एक काका बसले होते. त्यांनी मेनूकार्ड तोंडासमोर धरलं, मी पदर. दहा मिनिटं दोघंही तसेच! गणपतीच्या मीटिंगला त्यांनी हळूच विचारलं, "वाईन बरी होती का गं?"

हसलो खरं, पण घरी येऊन मला धाकटा भाऊ आठवला. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून दुकानांलगतचे अहाते बंद झाले. निर्णय चांगल्या हेतूने झाला, पण त्याच्या मित्रांची बैठक बायपासवर, गाडीत भरू लागली. बसायला जागा नाही आणि घरी सांगायची सोय नाही. एका रात्री अकराला त्याचा फोन आला, "ताई, मी चालवू शकत नाही. बाबांना सांगू नकोस." मी गेले, त्याला आणलं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे, हे त्याला पाठ होतं. पण त्या रात्री कायद्यापेक्षा बाबांचीच भीती मोठी होती. त्याला माझा नंबर होता. ज्याला ताई नाही, तो किल्ली फिरवतो.

आमच्या बाबांची बाटलीही तांदळाच्या डब्यामागे असायची. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कुणी नाही. भावाने लपवणं शिकलं ते तिथेच. मग मीच बाबांना त्या रात्रीचं सांगितलं, भावाला आधी विचारून. बाबा बराच वेळ गप्प होते. नंतर एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी मला फोन कर म्हणावं. मी जागाच असतो."

२०२५ च्या धोरणात फक्त बिअर, वाईनसारखी, दहा टक्क्यांपर्यंत अल्कोहोलची पेयं देणाऱ्या वेगळ्या बारची सोय आली आहे. धार-देवासला असा एखादा नीट बार निघाला, तर मी बिनपडद्याचं टेबल मागेन. काका, तुम्हीही मेनूकार्ड खाली ठेवा.

न पिणाऱ्यांनो, रुसू नका. पुढच्या महिन्यात उसाच्या रसाला गुण देऊ. तुमच्या गल्लीतली गाडी कळवा, आणि बर्फ कसा असतो तेही!