घड्याळ बिघडले म्हणजे भ्रूण मेला, असे नव्हे



टसर रेशीमकिड्याची अंडी फुकट जातात त्याचे खापर मागील अंकातील पत्रलेखकाने भ्रूणातील जैविक घड्याळावर फोडले आहे. घड्याळाचे प्रथिन बिघडले की भ्रूणाच्या पेशी मरतात, हे त्यांचे विधान मला मान्य नाही.

आरमोरी भागात ऐन-अर्जुनावर पोसल्या जाणाऱ्या टसर किड्याचा सख्खा भाऊबंद म्हणजे चिनी टसर. १९९६ मध्ये शास्त्रज्ञ रेपर्ट यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या भ्रूणात ‘पिरियड’ हे घड्याळाचे प्रथिन तयार होण्यास अटकाव केला. तरी अळ्या अंड्याबाहेर आल्याच. फक्त ठरल्या वेळी एकदम न येता केव्हाही आल्या. लय मोडली, जीव गेला नाही.

पेशी ठरवून मरतात, हे मात्र खरे. लॉकशिन आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात ते रेशीम पतंगांतच दाखवले. कोषातून निघताना लागणारे पोटाचे स्नायू काम संपताच एक-दोन दिवसांत विरून जातात. बाहेर पडण्याची वेळ मेंदूतले घड्याळ ठरवते, पण स्नायूंचा मृत्यू संप्रेरक ओसरल्याने होतो. पत्रात या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

टसर पाळणाऱ्या आपल्या ढिवर बांधवांचे खरे शत्रू कडक ऊन, कोरडी हवा आणि पेब्रिन हा रोग. पेब्रिन आईकडूनच अंड्यात उतरतो. अंडी घातल्यावर मादी पतंगाचे पोट कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की त्याचे चकाकणारे लंबगोल बीजाणू दिसतात. ही तपासणी झाल्याशिवाय शेतकऱ्यांनी एकही अंडीपुंज घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, गडचिरोली