मत माणसाला की पेटीला?



कुणकेश्वर, कातवण, मिठबाव या पट्ट्यातल्या आमच्या काही सभासदांच्या हाती मध्यंतरी एक कागद आला. किनाऱ्यावरच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची ती नोटीस. कंपनीचे नाव आम्ही घालत नाही. ज्यांच्या घरी कागद आला त्यांना नाव सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी आला नाही त्यांच्या कंपनीतही असाच कागद उद्या निघू शकतो. विषय नेहमीचेच होते. मागील सभेचे इतिवृत्त, ताळेबंद, हिशेबतपासनिसाची नेमणूक. शेवटून दुसरा विषय मात्र असा: 'कंपनीच्या नियमावलीत आवश्यक ते बदल करणे.' बस्स. काय बदल, कोणाला आवश्यक, याबद्दल अवाक्षर नाही.

आमच्यातले चौघे विचारायला गेले. दोन हेलपाट्यांनंतर तोंडी माहिती मिळाली. यापुढे मत फक्त 'क्रियाशील' सभासदाला. संचालक म्हणून उभे राहायचे तर मागल्या तीन हंगामांत कंपनीला ठराविक पेट्या घातलेल्या असाव्यात आणि कुठलीच थकबाकी नसावी. जो सभासद क्रियाशील राहणार नाही त्याचे शेअर दर्शनी किमतीला परत घ्यायचे. ठराविक म्हणजे किती पेट्या, असे विचारले. उत्तर आले, ते संचालक मंडळ दरवर्षी ठरवील.

म्हणजे मतदारांनी संचालक निवडायचे ही जुनी रीत झाली. आता संचालक मतदार निवडणार.

यात मरतो कोण ते आधी पाहू. देवगडच्या आंब्याचा व्यवहार ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही, पण नियम करणाऱ्यांना आहे असे दिसते. ज्याची पाच-पंचवीस कलमे आहेत तो गणपती झाले की खत, फवारणी आणि राखणीच्या खर्चाला लागतो. सोसायटीचे कर्ज पुरत नाही, म्हणून वाशीच्या दलालाची उचल घेतो. उचल घेतली की माल तिकडे जाणार, हे त्याच्या हातात राहत नाही. दुसरा कोणी मोहोर यायच्या आधीच बाग खंडाने देतो, कारण फवारणीचा पंपही त्याच्याकडे नाही. त्याच्या बागेतली पेटी खंड घेणाऱ्याच्या नावावर जाते. तिसऱ्याचा सातबारा सामाईक आहे, चार भाऊ आणि दोन आत्या. राबतो एक भाऊ, पावती फाटते दुसऱ्याच्या नावावर, आणि कंपनीचा शेअर आहे तिसऱ्याच्या बायकोच्या नावावर, कारण सभासद गोळा करताना महिला सभासद हव्यात म्हणून तिचाच आधार कार्डाचा कागद घेतला होता! ही बाई कलमांना पाणी घालते, आंबा निवडते, पेटीत गवत भरते. कंपनीच्या वहीत तिच्या नावावर एक पेटीही नाही. नव्या नियमाने ती 'अक्रियाशील'.

आणि हंगामच गेला तर? क्यार वादळ ऑक्टोबर २०१९ मध्ये येऊन गेले. तौक्ते वादळाने १६ मे २०२१ ला हातातोंडाशी आलेला आंबा झाडाखाली पाडला. थ्रिप्स आणि अवकाळी पावसाने मोहोर गेलेली वर्षे तर मोजायचीच नाहीत. अशा वर्षी ज्याच्याकडे पेट्या नाहीत त्याच्याकडे थकबाकी असते. पेट्या नाहीत म्हणून मत नाही, थकबाकी आहे म्हणून उमेदवारी नाही. वादळाने घर पाडायचे आणि कंपनीने दार लावून घ्यायचे. मोठ्या बागाईतदाराचे पाचशेऐवजी दोनशे झाले तरी अट पुरी होते. अट लहान्यालाच लागते.

आता हेच लहान सभासद कंपनीत आणले कसे ते आठवा. केंद्राची दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली. सपाटीच्या भागात किमान तीनशे सभासद हवेत, डोंगराळ भागात शंभर. व्यवस्थापनाच्या खर्चाला तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत मदत. शिवाय भागभांडवलाला जोड अनुदान: सभासदामागे जास्तीत जास्त दोन हजार आणि कंपनीमागे पंधरा लाखांपर्यंत. सभासदामागे! पेटीमागे नव्हे. आमच्याकडे वाडीवाडीवर लोक फिरले, सातबारा आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स घेतल्या, अंगठे घेतले. तेव्हा कोणी विचारले नाही की बाई, तू पेट्या किती घालशील. तेव्हा डोकी हवी होती. डोकी मोजून झाली, आता पेट्या मोजायला काढल्या.

आमच्या एका म्हाताऱ्या सभासदाने बैठकीत एकच वाक्य म्हटले, "अनुदानाक आमी मानसां, आनि मताक आमी कोन?" यावर आम्हाला काही बोलता आले नाही.

कायदा काय म्हणतो तेही नीट माहीत असू द्या, कारण 'कायद्यातच आहे' हे सांगून तुम्हाला गप्प बसवले जाईल. उत्पादक कंपनीची तरतूद २००२ मध्ये कंपनी कायद्यात घातली गेली. अर्थतज्ज्ञ य. क. अलघ यांच्या समितीने ती सुचवली होती. आज ती २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. कल्पना अशी की सहकारातले एक माणूस एक मत ठेवायचे आणि निबंधकाचा व मंत्र्याचा हात काढून घ्यायचा. कल्पना चांगली होती, आजही आहे. आमच्या चळवळीतले अनेक जण याच कारणाने कंपनीत गेले. वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत शेअर कितीही असोत, माल कितीही घालो, मत एकच, हे कायद्याने स्पष्ट लिहिले आहे. पण त्याच कलमात पुढे एक खिडकी ठेवली आहे: नियमावलीत तशी तरतूद असेल तर मताचा हक्क क्रियाशील सभासदांपुरता ठेवता येतो. मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा, तसे झाले आहे.

तरीही त्या खिडकीतून हवे ते आत घेता येत नाही. क्रियाशील म्हणजे कोण, तर कंपनीच्या कामात किती प्रमाणात आणि किती मुदतीत भाग घ्यायचा हे नियमावलीने सांगितले असेल, ते पुरे करणारा. नियमावलीने, संचालक मंडळाच्या दरवर्षीच्या ठरावाने नव्हे. आणि भाग घेणे म्हणजे केवळ आंबा घालणे असे कायदा म्हणत नाही. कंपनी ज्या सेवा देते त्यांचा वापर, असे म्हणतो. कंपनीकडून खत घेतले, औषध घेतले, क्रेट घेतले, तोही वापरच. फक्त पेटी मोजायची हा शोध आपल्याच लोकांनी लावला आहे.

नियमावली बदलायचा प्रस्तावही कोणी एकट्याने मांडून चालत नाही. निवडून आलेल्या संचालकांपैकी दोन तृतीयांशांनी किंवा एकूण सभासदांपैकी एक तृतीयांशांनी तो मांडायचा असतो. सभेची नोटीस चौदा दिवस आधी हवी, आणि बदलाच्या ठरावाचा मसुदा नोटिशीला जोडलेला हवा. 'आवश्यक ते बदल' एवढ्या तीन शब्दांना मसुदा म्हणत नाहीत. सभेला एकूण सभासदांपैकी चौथा हिस्सा हजर असल्याशिवाय गणपूर्ती होत नाही. आणि ठराव विशेष लागतो, म्हणजे बाजूची मते विरोधातल्या मतांच्या तिप्पट तरी हवीत. शंभर जणांनी मत दिले आणि सव्वीस जण विरोधात उभे राहिले तर ठराव पडतो. सव्वीस! एवढी माणसे तर कातवणच्या एका बारशाला जमतात.

सहकारात हा खेळ आपण आधी पाहिलेला आहे. ९७ वी घटनादुरुस्ती फेब्रुवारी २०१२ पासून अमलात आली आणि तिच्या आधाराने महाराष्ट्राने २०१३ मध्ये सहकार कायदा बदलला. क्रियाशील सभासद हा शब्द तिथेही आला: पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजेरी आणि उपविधीत ठरवलेला किमान वापर. कागदावर साधी अट. कोकणात मात्र अर्धी घरे मुंबईत. चाकरमानी गणपतीला आठ दिवस येतो, आणि सभा सप्टेंबरअखेरपर्यंत कधीही लावता येते. तो यायच्या आधल्या आठवड्यात लावा किंवा तो परत गेल्यावर लावा, आपोआप तो अक्रियाशील होतो. सभेची तारीख ठरवणारा मतदारयादी ठरवतो. पुढे २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनादुरुस्तीतला सहकारी संस्थांबाबतचा भाग, बहुराज्य संस्था सोडून, रद्द ठरवला. राज्यात सरकारे बदलली तशी क्रियाशीलतेची अट गेली आणि पुन्हा येऊ पाहिली. तिच्या येण्याजाण्यात ज्याचे मत गेले त्याला विचारायला कोणी आले नाही.

दुसरी बाजू आम्ही ऐकली नाही असे कोणी म्हणू नये. कंपनी चालवणारी मुले प्रामाणिक आहेत, त्यांतली काही आमचीच आहेत. ती म्हणतात, काही सभासद शेअर घेऊन बसले आहेत, चार पैसे जास्त दिसले की माल व्यापाऱ्याला देतात, आणि सभेत येऊन आम्हाला हिशेब विचारतात. खरे आहे. काही सभासद तर स्वतःच व्यापारी आहेत. पण त्याला औषध कायद्यात आहे: ज्याचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आड येतो त्याला सभासद राहता येत नाही. त्याला काढा, आम्ही हात वर करू. पण त्याला काढायचे धाडस नाही, कारण तो संचालकाच्या ओळखीचा, म्हणून सगळ्यांना चाळणीत घालायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

अट हवीच असेल तर ती पेट्यांत घालू नका. ज्याचा जेवढा आंबा निघेल त्याचा काही हिस्सा, अशी घाला. मग दहा कलमेवाला आणि हजार कलमेवाला एका रांगेत येतात. वादळाचे वर्ष सोडा. कंपनीने पैसे नाहीत म्हणून जो माल नाकारला तो घातला असेच धरा. आम्ही अशी परत आलेली पेटी पाहिली आहे. घरातल्या एकाने घातलेला माल सामाईक खातेदारांच्या नावे धरा. शेअर परत घेण्यापूर्वी लेखी कळवून म्हणणे ऐकून घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे, तेवढे तरी पाळा. आणि यादी सभेच्या आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

एक गोष्ट विसरू नका. बदल मंजूर होईपर्यंत प्रत्येक सभासदाला मत आहे, त्या कंपनीच्या वहीत एक पेटी नसलेल्या बाईलासुद्धा. तिचे मत तिला विचारून काढून घेता येईल अशी ही एकच सभा आहे. पुढच्या सभेला तिला कोणी विचारणार नाही.

म्हणून ज्यांच्याकडे अशी नोटीस आली आहे त्यांनी मसुद्याची प्रत लेखी मागावी आणि अर्जावर पोच घ्यावी. मिळाली नाही तर सभेत पहिला प्रश्न तोच, आणि तो इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय बसू नये. शेअर सर्टिफिकेट शोधून ठेवा. पुष्कळांना ते मिळालेलेच नाही असे आम्हाला आढळले. ज्या घरात सभासद बाई आहे तिथे बाईने स्वतः यावे, नवऱ्याने नव्हे. मुंबईतल्या भावाला आजच फोन करा, तारीख सांगा. नोटीस, मसुदा आणि सर्टिफिकेट, जे हाती असेल ते घेऊन पुढच्या जिल्हा बैठकीला या. कागद वाचायला आपल्यातले दोन वकील बसणार आहेत, फी नाही.