पाटण तालुक्यातील शाळांत नवीकरणीय ऊर्जेचे शिक्षण व व्यवसाय मार्गदर्शन सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, सातारा

द्वारा : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, पाटण

विषय : इयत्ता सहावी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना जल, पवन व सौर ऊर्जेचे प्रत्यक्ष शिक्षण आणि या क्षेत्रातील कामधंद्यांची खरी माहिती मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे पाटण तालुक्यातील पालक, शिक्षक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि ग्रामस्थ हे निवेदन आपणास सादर करीत आहोत.

पाणी, वारा आणि ऊन या तिन्हींपासून आमच्या एकाच तालुक्यात वीज होते. कोयनेच्या पाण्यावर १९६२ पासून वीज तयार होत आहे. सर्व टप्पे मिळून या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. मान्याचीवाडी हे छोटे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. असे असताना आमची मुले पवनचक्की पुस्तकातल्या चित्रावरून शिकतात. वर्गाच्या खिडकीतून पाती फिरताना दिसत असली, तरी ती कशामुळे फिरतात आणि कधी थांबतात हे त्यांना कोणी सांगत नाही.

अभ्यासक्रमात हा विषय नाही, अशी आमची तक्रार नाही. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा पाठ आहे आणि तो चांगला आहे. पण परीक्षेच्या धबडग्यात त्याचे ‘फायदे-तोटे लिहा’ एवढेच उरते. शिवाय दहावीपर्यंत थांबण्याचे कारणही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागीर व व्यावसायिकांबरोबर काम शिकण्याची तरतूद केली आहे. या दिवसांत काय करायचे, असा प्रश्न अनेक शाळांना पडतो. पाटण तालुक्याला तो पडू नये. या दहापैकी किमान चार दिवस तालुक्यातील सर्व शाळांनी ऊर्जेसाठी राखून ठेवावेत, ही आमची पहिली मागणी आहे.

हे चार दिवस सहलीत जाऊ नयेत. कोयनेचे पाणी नवजाकडून बोगद्यात शिरते, सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहात उतरते, कोळकेवाडीत अडवून पुन्हा वापरले जाते आणि शेवटी वाशिष्ठीला मिळते. एवढ्या एका प्रवासात भूगोल, विज्ञान आणि इतिहास तिन्ही आले. पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेला वळवायचे तर किती, यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. नववीच्या मुलांना हा वाद समजतो. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आजोबांची घरेदारे याच जलाशयाखाली गेली आहेत आणि पुनर्वसनाची कागदपत्रे घरात अजून जपून ठेवलेली आहेत. स्वच्छ ऊर्जेलाही किंमत मोजावी लागते आणि ती कोणी मोजली, हेही शिकवले जावे. नाहीतर हा विषय घोषवाक्यांपुरता उरेल.

पठारावरचा वारा मे ते सप्टेंबर जोरात असतो. हिवाळ्यात गेलात तर बरीच पाती उभी दिसतील. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते, हे गणित त्या उभ्या पात्यांसमोर मुलांना एका दमात कळेल. सूर्यास्तानंतर सौर वीज नसते आणि नेमकी संध्याकाळीच घरोघरची मागणी वाढते. अशा वेळी काही मिनिटांत सुरू होणारी जलविद्युत कामी येते. म्हणजे पाणी, वारा आणि ऊन यांची गुणवत्तायादी लावण्यात अर्थ नाही. एक थांबले की दुसऱ्याची गरज कशी लागते, ते मुलांना दाखवले पाहिजे. विद्युतगृहात मुलांना नेण्यावर सुरक्षेची बंधने आहेत आणि ती योग्यच आहेत. तेव्हा तेथील अभियंते व तंत्रज्ञ वर्षातून एकदा शाळांत येतील, अशी व्यवस्था आपल्या स्तरावरून पत्र देऊन व्हावी. पठारावरील भेट पाऊस-धुके ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ठेवावी. एसटीचे भाडे शाळांच्या किंवा पालकांच्या माथी न मारता जिल्हा परिषदेने द्यावे.

दुसरी मागणी शाळेच्या छताची आहे. वीजबिल थकल्याने मीटर तोडले जाण्याची वेळ शाळांवर कशी येते, हे आपणास आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. एक किलोवॅटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. लहान शाळेला तेवढी बहुधा पुरते. मात्र पॅनेल बसवून, फलक लावून, फोटो काढून निघून जाण्याची पद्धत आम्हाला नको. बॅटरी संपली, इन्व्हर्टर बंद पडला आणि वर्षानुवर्षे धूळ साचली, अशी पॅनेले आम्ही पाहिली आहेत. म्हणून प्रत्येक संचासोबत पाच वर्षांच्या देखभालीचा करार असावा आणि रोजच्या युनिटची नोंदवही मुलांच्या हाती असावी. ढगाळ दिवशी आकडा किती घसरला, पॅनेल धुतल्यावर किती वाढला आणि कडक उन्हाळ्यात पॅनेल तापल्यामुळे अपेक्षेपेक्षा कमी का आला, याचा आलेख सातवीची मुले सहज काढतील. स्वच्छता व मोडतोड-दुरुस्ती मात्र मोठ्यांनीच करावी. ऊन पडत असेपर्यंत पॅनेलमध्ये वीज असते, खालचे बटण बंद केले तरीही. ही गोष्ट मुलांना पहिल्याच तासाला सांगितली पाहिजे.

आता कामधंद्याविषयी. आमच्या डोंगरावर पवनचक्क्या आल्या, तेव्हा आमच्या वाट्याला प्रामुख्याने रखवालीची आणि खड्डे खोदण्याची कामे आली. यंत्र चालवणारे, दुरुस्त करणारे बहुतांश बाहेरून आले. त्यांच्याविषयी आमच्या मनात आकस नाही. आमच्याकडे ते शिक्षण नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. आता राज्यात शेतकऱ्यांना सौर पंप दिले जात आहेत, कृषी फीडर सौर ऊर्जेवर नेले जात आहेत आणि ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरांच्या छतांसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. हे सगळे संच कोणीतरी बसवणार आहे आणि पुढे वर्षानुवर्षे कोणीतरी सांभाळणार आहे.

यासाठी आठवीपासून दरवर्षी प्रत्येक माध्यमिक शाळेत एक मार्गदर्शन दिवस व्हावा. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा आहे, सौर तंत्रज्ञाचा एक वर्षाचा. तंत्रनिकेतनातली पदविका तीन वर्षांची. केंद्राच्या सूर्यमित्र कार्यक्रमात पॅनेल बसवण्याचे व देखभालीचे प्रशिक्षण दिले जाते. ही माहिती घरोघरी जावी. पण क्षेत्र एवढेच नाही. वीज ग्रीडवर घेताना दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागात किती वीज येईल, याचा अंदाज आधी द्यावा लागतो. ज्या मुलाला किंवा मुलीला गणित आणि हवामानाची आवड आहे, त्याच्यासाठी किंवा तिच्यासाठी हे काम आहे. वेल्डर, क्रेनचालक, भूमापन करणारे, हिशेब ठेवणारे, पक्ष्यांवरील परिणामांचा अभ्यास करणारे यांचीही गरज लागते. ‘मुलींनी टॉवरवर कशाला चढायचे’ हा प्रश्न आमच्याच घरांतून येतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच या दिवशी बोलावल्या जाणाऱ्या तंत्रज्ञांत महिला असाव्यात, असा आमचा आग्रह आहे.

एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करतो. मुलांना स्वप्ने विकू नयेत. पॅनेल बसवण्याचे काम बहुधा कंत्राटी असते. एक प्रकल्प संपला की पुढच्यासाठी गाव सोडावे लागते. उभा राहिलेला प्रकल्प चालवायला माणसे थोडीच लागतात. पगार, धोका, स्थलांतर सगळे खरे खरे सांगितले जावे. तसेच मार्गदर्शनाच्या नावाखाली कोणत्याही कंपनीला शाळेत जाहिरातीची संधी मिळू नये.

शिक्षकांवर आणखी एक काम लादले जाणार, ही भीती रास्त आहे. म्हणून शाळांच्या प्रत्येक केंद्रातील एका विज्ञान शिक्षकाला तालुक्यातील आयटीआय किंवा कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. ते सुट्टीत नव्हे, कर्तव्यकाळात व्हावे. या उपक्रमाचे रोजचे अहवाल व फोटो ऑनलाइन भरण्याची सक्ती करू नये.

सुरुवात म्हणून कोयनानगर, ढेबेवाडी आणि पठाराजवळच्या परिसरातील प्रत्येकी काही शाळा निवडाव्यात. या मागण्यांवर चर्चेसाठी आपण दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्या प्रतिनिधींना वेळ द्यावा आणि त्या बैठकीस महावितरण, महानिर्मिती व महाऊर्जा यांच्या अधिकाऱ्यांनाही बोलवावे, ही विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
पाटण तालुक्यातील पालक, शिक्षक व ग्रामस्थ
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, सातारा
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, सातारा
मा. जिल्हाधिकारी, सातारा